काळजी वाटते म्हणून ओरडतो, हे किती दिवस चालायचं?

अर्धविराम

घरचं कुणीतरी यायचं असतं आणि येत नाही. फोन लागत नाही. सुरुवातीला आपण शहाण्यासारखे वागतो. बॅटरी संपली असेल, रेंज नसेल. मग खिडकीपाशी फेऱ्या सुरू होतात. थोड्या वेळात अपघात होऊन, हॉस्पिटल गाठून, कुणाकुणाला कळवायचं इथवर आपली मजल गेलेली असते. मन चिंती ते वैरीही न चिंती. आणि बेल वाजते. माणूस धडधाकट दारात उभं. आपल्या तोंडून पहिलं वाक्य काय निघतं? "फोन काय शोभेला घेतलायस?"

ज्याच्यासाठी इतका वेळ जीव टांगणीला लागला होता, त्याच्या वाट्याला हे. आतली काळजी त्याला दिसतच नाही. मग तोही चिडतो, दार आपटतो, आणि रात्रीचं जेवण मुकाट्यानं होतं.

रोजच्या जगण्यात भीती स्वतःचं नाव सांगून येत नाही, असं मला वाटतं. ती टोमणा होऊन येते. न मागितलेला सल्ला होऊन येते. पैसे पुरणार नाहीत ही धास्ती असते, आणि तोंडी येतं "परत नवीन चपला?" आपण कुणाला नकोसे होऊ ही भीती असते, आणि निघतं काय, तर "तुला काय, तुझे मित्र आहेत की."

तर प्रश्न असा, की त्या क्षणी प्रेमानं किंवा निदान दयाबुद्धीनं वागणं निवडता येतं का? सकाळी येतात तसले फुलापानांचे सुविचार इथे नकोत. काय जमतं, काय जमत नाही, ते लिहा.

टिंबटिंब

पहिला मी!

विषय चांगला आहे, पण भीतीला खलनायक करू नका. ती आहे म्हणून आपण टिकलो. अमेरिकेतल्या आयोवात एका बाईंचा खूप वर्षं अभ्यास झालाय. संशोधक त्यांना 'एस. एम.' एवढंच म्हणतात. एका दुर्मिळ आजारात त्यांच्या मेंदूतला अमिग्डाला हा भाग दोन्ही बाजूंनी निकामी झाला. त्यांना साप दाखवले, कोळी दाखवले, भुताखेतांचे सिनेमे दाखवले. बाई ढिम्म! उलट साप हातात घ्यायला उत्सुक. आता यावर कुणी म्हणेल, वा, काय सुखी जीव. पण याच बाईंवर आयुष्यात चाकूही रोखला गेला आणि बंदूकही. धोका हेरून वेळीच लांब व्हायचं हेच त्यांना जमत नाही.

पुढची गंमत ऐका. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्यांना मास्कमधून भरपूर कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगवली. तेव्हा मात्र बाई अक्षरशः घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. म्हणजे भीतीचं बटण एकाच जागी नाही. 'भीती सोडा, प्रेम करा' म्हणणाऱ्यांनी आधी ती नक्की कुठून सोडायची ते सांगावं.

अर्धविराम

टिंबटिंब, सोडा असं मी कुठे म्हटलंय? भीती वाटणं हातात नाही हे धरूनच चाललेय. वाटल्यानंतर तोंडातून काय बाहेर पडतं, एवढ्याचाच प्रश्न आहे.

नाडीपरीक्षा

वैद्यकीय बाजूचं थोडं लिहितो. लांबेल, सांभाळून घ्या.

जोसेफ लेडू या शास्त्रज्ञांच्या कामामुळे अमिग्डालाचं नाव सर्वतोमुखी झालं. पुढे त्यांनीच सांगायला सुरुवात केली की याला 'भीतीचं केंद्र' म्हणू नका. धोका हेरायचा आणि शरीराला कामाला लावायचं, हा त्याचा उद्योग. 'मी घाबरलोय' ही जाणीव मेंदूच्या इतर भागांच्या मदतीनं वेगळी तयार होते. शरीराची तयारी ही एक गोष्ट आणि जाणीव ही दुसरी, हे एकदा लक्षात आलं की अर्धविराम यांच्या दारातल्या प्रसंगाचा उलगडा होतो.

अॅड्रेनलिन सुटलेलं असतं. छाती धडधडतेय, श्वास वर वर चाललाय, तोंड कोरडं, पोटात गोळा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉल्टर कॅनन यांनी या सगळ्याला 'लढा किंवा पळा' अशी शरीराची तयारी म्हटलं. आता बेल वाजली. धोका टळल्याचं डोळ्यांना कळलं. पण रक्तातलं अॅड्रेनलिन आणि ती धडधड निवायला काही मिनिटं जातात. लढायला तयार असलेल्या शरीरासमोर अचानक शत्रू उरलेला नाही, फक्त घरचं माणूस उभं आहे. मग लढाई त्याच्याशीच होते.

म्हणून माझा पहिला सल्ला अगदी रुक्ष आहे. पहिली पाच मिनिटं गप्प बसा. दार उघडा, हातातली पिशवी घ्या, 'आलास?' एवढं म्हणा, स्वतः पाणी प्या. श्वास सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावा. ठोके उतरायला त्यानं मदत होते.

दुसरं म्हणजे, जे वाटलं त्याला शब्द द्या. मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवलं की भेदरलेल्या किंवा रागावलेल्या चेहऱ्यांची चित्रं पाहताना त्या भावनेला नाव दिलं, तर अमिग्डालाची धावपळ कमी होते. नुसतं बघत राहिलं तर तेवढी होत नाही. 'मी फार घाबरले होते' या चार शब्दांत समोरच्याला खरी गोष्ट कळते आणि बोलणाऱ्यालाही उतार पडतो. आपल्याला हे चार शब्द लाजिरवाणे वाटतात. ओरडायला कुणी लाजत नाही, हे एक नवलच आहे.

मधली बोट

+१. डॉक्टर, वेगळा लेख लिहाच.

टिंबटिंब

लिहा लिहा. पण पाच मिनिटं गप्प बसण्याचा सल्ला देणाऱ्यांनी आमच्या मातोश्रींना भेटावं. त्या गप्प बसल्या की आम्हाला जास्त धडकी भरते.

नाडीपरीक्षा

हा हा. मग त्यांचा हात धरा. मी गमतीनं म्हणत नाहीये. जेम्स कोन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली १६ विवाहित स्त्रियांवर प्रयोग केला. मेंदूचं स्कॅनिंग चालू असताना पायाला विजेचा सौम्य झटका बसणार, असा इशारा मिळायचा. कधी हातात कुणाचाच हात नाही, कधी अनोळखी माणसाचा, कधी नवऱ्याचा. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची खळबळ सगळ्यात कमी झाली, आणि ज्यांचं नवऱ्याशी चांगलं जमत होतं त्यांच्यात तर आणखीच. मला जास्त लक्षात राहिलं ते दुसरंच. अनोळखी हातानंही थोडा फरक पडला होता.

रोखठोक

सगळं छान चाललंय, म्हणून मिठाचा खडा टाकायला आले.

प्रेम, कृतज्ञता, दया हे शब्द कोण कुणाला सांगतं याकडे कधी लक्ष दिलंय? वरचा खालच्याला सांगतो. पगार रखडलेल्या माणसाला सांगतात, नोकरी आहे यातच समाधान मान. नवऱ्याच्या हातचा मार खाणाऱ्या बाईला सांगतात, घर टिकवायचं तर प्रेमानं घे. 'कृतज्ञ राहा'चा व्यवहारातला अर्थ बऱ्याचदा 'तोंड बंद ठेव' असा असतो.

अशा घरात त्या बाईला वाटणारी भीती ही तिच्याकडची सगळ्यात खरी माहिती आहे. पावलांच्या आवाजावरून आज काय होणार हे तिला कळतं. त्या भीतीवर प्रेमाचा मुलामा चढवायला सांगणं हा गुन्हा आहे असं माझं स्पष्ट मत. तिथे निघून जाणं, मदत मागणं, तक्रार करणं हेच स्वतःवरचं प्रेम. मुलांवरचंही.

त्यामुळे अर्धविराम, तुमचा धागा मला पटतो, पण ज्या घरांत मुळात माणसं सुरक्षित आहेत त्यांच्यापुरताच. हे वरच्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

अर्धविराम

रोखठोक, शंभर टक्के मान्य. जिथे खरोखर कुणी इजा करतंय तिथे हा धागा लागू नाही. भीती समोर उभ्या माणसाची आहे, की त्या माणसाला काही होईल याची आहे, हा फरक. मी दुसऱ्या भीतीबद्दल बोलतेय.

दुसरी वही

तिसरी पण आहे की. स्वतःचं काही उघडं पडेल ही. ऑफिसात सगळा कारभार तिच्यावरच चालतो.

एमी एडमंडसन यांचं काम इथे आठवतं. नव्वदच्या दशकात त्या हॉस्पिटलांमधल्या औषधांच्या चुका तपासत होत्या. अपेक्षा अशी की जिथे टीम चांगली, तिथे चुका कमी. आकडे निघाले उलटे! चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त. खोदून पाहिल्यावर उलगडलं ते असं, की त्या टीम जास्त चुकत नव्हत्या, तिथली माणसं चूक झाली की सांगत होती. बाकीच्या वॉर्डांत झाकलं जात होतं. यातूनच पुढे त्यांनी १९९९ मध्ये टीमच्या 'मानसिक सुरक्षितते'ची कल्पना मांडली.

मी ज्यांच्या हाताखाली काम शिकलो त्या बाईंची एक सवय होती. कुणी केबिनमध्ये येऊन "मॅडम, एक घोळ झालाय" म्हणालं, की त्या आधी हातातलं पेन खाली ठेवायच्या. मग म्हणायच्या, "आत्ता सांगितलंस ते बरं केलंस. बस." त्यानंतर घोळ निस्तरायचा. कुणाचा, का, कसा हे सगळं नंतर, आणि तेही काही सोडायच्या नाहीत. चांगली खरडपट्टी व्हायची. पण घोळ त्यांच्यापर्यंत त्याच दिवशी पोचायचा. शेजारच्या विभागात साहेबांचा दरारा होता, आणि तिथले घोळ महिनाअखेरीला बाहेर यायचे, तेही व्याजासकट.

त्या बाईंना कुणी प्रेमळ म्हटलं असतं तर त्या हसल्या असत्या. पण या धाग्यात ज्याला दयाबुद्धी म्हटलंय ती मला अशीच दिसते. पेन खाली ठेवण्यात.

मधली बोट

हे आवडलं. आमच्याकडे पेन फेकून मारणारे आहेत. (खरंच. नेम चुकला.)

टिंबटिंब

दुसरी वही, मस्त. आता मीच माझ्या विरोधात एक मुद्दा देतो, म्हणजे पारडं समान होईल.

१९७३ साली प्रसिद्ध झालेला डार्ली आणि बॅटसन यांचा प्रयोग. प्रिन्स्टनमधले ४० विद्यार्थी, तेही धर्मशास्त्राचे. त्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन भाषण द्यायचं होतं. वाटेत एक माणूस दारापाशी खोकत, कण्हत, खाली मान घालून बसवलेला. काहींना सांगितलं होतं की तुला उशीर झालाय, पळ. त्यातले फक्त १० टक्के मदतीला थांबले. ज्यांना सवड होती, त्यातले ६३ टक्के थांबले. ज्यांना थोडीशीच घाई होती, त्यातले ४५ टक्के. आणि एकूण विद्यार्थ्यांतल्या अर्ध्यांच्या भाषणाचा विषय काय होता? बायबलमधली, रस्त्यात जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या परक्या माणसाची गोष्ट! विषयानं लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. घाईनं पडला.

तेव्हा आपण दयाळू आहोत की नाही यावर इतका खल करण्यापेक्षा घरातून दहा मिनिटं आधी निघावं, अशा मताचा मी झालोय. उशिराची भीती फार माणसं खाते.

सांजवाट

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते.

माझे वडील ८२ वर्षांचे आहेत. मागे एकदा पाय घसरला, हाड मोडलं नाही, पण त्या दिवसापासून आमच्या घरात एकच वाक्य. "उठू नका, पडाल." पाणी हवंय? बसा, आणते. खिडकी लावायची? बसा. आम्ही सगळे हे प्रेमानंच करत होतो, यात काही खोटं नाही.

फिजिओथेरपिस्ट घरी आल्या. त्यांनी वडिलांना खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगितलं. त्यांना उठता येईना. पूर्वी येत होतं. त्या म्हणाल्या, पडण्याच्या भीतीनं माणूस चालणं कमी करतो, चालणं कमी झालं की मांड्यांची ताकद जाते, तोल जातो, आणि मग तो खरंच पडतो. वृद्धांच्या बाबतीत हे फार ठिकाणी दिसतं म्हणे. आणि ही भीती ज्याची त्यालाच असावी लागते असंही नाही. घरच्यांची पुरते.

आता जिना उतरताना मी त्यांच्या पुढे, एक पायरी खाली असते, थोडी तिरकी, एक हात कठड्यावर. ते एका हातानं कठडा धरतात. मी त्यांना धरत नाही. हे न धरणं फार कठीण आहे. प्रत्येक पायरीला माझा हात आपोआप पुढे जातो आणि मी तो मागे घेते. ते माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत, त्यांचं सगळं लक्ष पायाकडे असतं. खाली पोचल्यावर म्हणतात, "चल, आता वर."

रोखठोक म्हणतात तशी ही भीती खोटी नाही. ते पडू शकतात. पण खुर्चीत बसवून ठेवण्याची किंमत तेच मोजत होते आणि सुटका माझी होत होती, हे मला त्या खुर्चीच्या चाचणीनंतर दिसलं.

रोखठोक

सांजवाट, नमस्कार घ्या. 'किंमत तेच मोजत होते आणि सुटका माझी होत होती' ही कसोटी मी उचलतेय. काळजी म्हणून आपण जे करतो त्याचा आराम नक्की कुणाला मिळतो, हे विचारलं तर निम्मी भांडणं मिटतील.

वडिलांना घरात पकड सुटणार नाही अशा चपला घालायला सांगा, मोजे घालून नुसतं चालणं नको. रात्री उठतात त्या वाटेवर दिवा ठेवा.

सांजवाट

दिवा ठेवलाय. चपलांवरून वाद चालू आहे.

कोपऱ्यातला वाचक

धाग्यात कृतज्ञतेवर कुणी फारसं बोललंच नाही, रोखठोक यांनी झोडपलं तेवढंच. मला एक व्यावहारिक अडचण आहे. शाळेतल्या एका शिक्षकांनी माझ्यासाठी बरंच केलं होतं. आता ते निवृत्त आहेत. पत्र लिहावं असं कैक वर्षं वाटतंय. पण आता मध्येच लिहिलं तर विचित्र दिसेल, काहीतरी काम आहे म्हणून लिहितोय असं वाटेल, शब्दही नीट सुचत नाहीत. ही पण भीतीच ना?

दुसरी वही

अगदी. आणि बिनबुडाची. २०१८ मध्ये अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी नेमकं हेच तपासलं. लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली, मिळणाऱ्याला कसं वाटेल याचा अंदाज विचारला, आणि मग मिळणाऱ्यांनाच जाऊन विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटत होतं त्यापेक्षा मिळणाऱ्यांना आनंद जास्त झाला, आश्चर्य जास्त वाटलं, आणि अवघडलेपण कमी. लिहिणारा शब्द बरोबर पडतायत का या चिंतेत असतो. वाचणाऱ्याला त्यातला जिव्हाळा पोचतो. भाषेचे मार्क कुणी देत नाही.

फक्त एक. 'आपले अनंत उपकार' वगैरे लिहू नका. त्यांनी काय केलं होतं तो एकच प्रसंग लिहा, आणि त्यानं पुढे तुमचं काय झालं ते. शेवटी 'उत्तराची अपेक्षा नाही' असं लिहिलंत तर काम असल्याची शंकाही जाईल.

नाडीपरीक्षा

दुसरी वही यांच्याशी सहमत. एक सावधगिरी मात्र. कृतज्ञतेची वही ठेवली की नैराश्य पळालं, अशा थाटात जे लिहिलं जातं ते फुगवलेलं आहे. एमन्स आणि मॅक्युलो यांच्या २००३ च्या अभ्यासात, आयुष्यातल्या चांगल्या गोष्टींची आठवड्याला यादी करणारे लोक कटकटींची यादी करणाऱ्यांपेक्षा जास्त आशावादी दिसले, हे खरं. पण २०२१ मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांवर परिणाम किरकोळच निघाला. ज्यांना रोज धडधड होते, झोप उडाली आहे, घराबाहेर पडवत नाही, त्यांनी वही विकत घेण्याआधी डॉक्टरकडे जावं. चिंतेच्या आजारावर चांगले उपचार आहेत.

पत्र मात्र लिहाच. ते औषध म्हणून नाही, त्या शिक्षकांसाठी.

कोपऱ्यातला वाचक

धन्यवाद दोघांनाही. चौथीतला एक प्रसंग आहे, तोच लिहितो.

लिंबोळी

अवांतर होईल, पण विचारते. मुलगी पुढच्या आठवड्यात पहिल्यांदा एकटी लांबच्या प्रवासाला निघतेय. मैत्रीण सोबत आहे म्हणते. मी आत्ताच अर्धी झालेय. दर दोन तासांनी फोन केला तर ती उचलणार नाही, नाही केला तर मी जगणार नाही. करायचं काय?

रोखठोक

अवांतर कसलं, विषयच हा आहे. निघायच्या आधी दोघींनी बसून ठरवा. दिवसातून एक मेसेज, ठरलेल्या वेळी, एका शब्दाचा चालेल. मध्ये तुम्ही फोन करायचा नाही. वेळ तिला ठरवू दे, म्हणजे ती पाळेल.

सांजवाट

आणि मेसेज आला नाही तर काय, तेही आधीच ठरवा हो. किती वेळ थांबायचं, मग कुणाला फोन करायचा. हे ठरलेलं नसेल तर पहिल्याच दिवशी मनाचे खेळ सुरू होतात.

लिंबोळी

बसलो दोघी. रात्री नऊची वेळ तिनं दिली. तिची अट अशी की 'पोचले' वर मी फक्त अंगठा पाठवायचा, पुढे 'जेवलीस का' नाही. मी घासाघीस करून एक प्रश्न मिळवलाय, दिवसाला एकच. बॅटरी संपली तर काय, यावर मात्र अडलंय.

अर्धविराम

मैत्रिणीचा नंबर घेऊन ठेवा, पण तो अकराच्या आधी वापरायचा नाही असं मुलीसमोर कबूल करा. आणि मैत्रिणीलाही आधी सांगून ठेवा, नाहीतर रात्री अकराला तुमचा फोन बघून ती बिचारी दचकेल.